दाराशी कोण आहे, याचा खुलासा करावा

माझी पहिली कथा छापून येण्याआधी आमच्या अख्ख्या कार्यालयाने वाचली होती. नुसती वाचली नव्हती, तर तिच्यावर सह्या केल्या होत्या, शेरे मारले होते आणि एका पानावर चहाचा गोल डागही पाडला होता. पुढे माझी पुस्तकं निघाली, दोन-चार बऱ्या लोकांनी बरं म्हटलं. पण इतक्या रीतसर मला पुन्हा कुणी वाचलं नाही. आता ते कार्यालयही राहिलं नाही. त्याची काचेची इमारत झाली आहे आणि आत कुणाच्या टेबलावर कागद म्हणून दिसत नाही. मी एकदा सहज डोकावलो, तर दारावरच्या माणसाने मला कुणाला भेटायचं आहे ते विचारलं. ज्यांना भेटायचं होतं त्यांतलं तिथे कुणीच नव्हतं, म्हणून परत आलो.

तर त्या वेळी मी पाणीपुरवठा खात्यात, तक्रार विभागात होतो. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी स्वच्छ आहे पण ते नळाऐवजी भिंतीतून येतं, अशा तक्रारी येत आणि त्यांना उत्तरं लिहिणं हे माझं काम. 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं होतं, की घरी बायकोने भाजी आणायला सांगितली तरी माझ्या तोंडून 'नोंद घेतली आहे' असं निघे. भाजी अर्थातच येत नसे.

एका रविवारी साप्ताहिकातली एक कथा वाचून मी बायकोला म्हणालो, "असलं तर मीही लिहीन." हे वाक्य संसारी माणसाने फार जपून उच्चारावं. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून आलो तर स्वयंपाकघरातलं टेबल पुसून ठेवलेलं, त्यावर कोरे कागद, कागदांवर पेन, आणि ओट्यापाशी बायको.

"हं," ती म्हणाली, "लिहा आता."

कथा माझ्या मनात होती. एक बाई असते. तिचा धाकटा भाऊ भांडून घर सोडून जातो. कुठे गेला, पत्ता नाही. तेव्हापासून ती पुढच्या दाराला आतून कधी कडी लावत नाही. एवढंच. पण हे मनात आलं की मला दुसरं काही सुचत नसे, तेव्हा यात काहीतरी आहे असं मला वाटत होतं. मी पहिलं वाक्य लिहिलं आणि बायकोला वाचून दाखवलं. 'सदर महिला आपल्या राहत्या घराचे दार नियमितपणे उघडे ठेवत असे.'

बायकोने कढईवरची नजर काढली नाही. "ही कथा आहे की तिला नोटीस पाठवताय?"

मी कागद फाडला. पुढच्या संध्याकाळी पुन्हा बसलो, पुन्हा फाडला. हळूहळू 'सदर' गेलं, 'नियमितपणे' गेलं, आणि बाई जरा माणसासारखी चालू-बोलू लागली. असं करत करत मी त्या जागी आलो, जिथे एका संध्याकाळी बाई एकटी बसलेली असते आणि दार करकरतं. 'बाई उठली. दाराशी गेली. आणि'

या 'आणि'पाशी माझं घोडं अडलं. भाऊ आला असं लिहिलं की सिनेमा वाटे. नाही आला असं लिहिलं की मीच मुद्दाम दुष्टपणा करतोय असं वाटे. आणि एकदा पेन थांबलं की मनातला दुसरा माणूस बोलायला लागे. हा माणूस प्रत्येक नवख्या लेखकाच्या मनात भाडं न देता राहत असतो. तो म्हणे, तू कोण? नळाला पाणी का आलं नाही हे सांगणारा तू. कुणाच्या दाराशी कोण आलं, याच्याशी तुझा काय संबंध? आणि खरं सांगतो, मला ते पटे. आपल्याला नाही येत, उगाच कशाला हसं करून घ्या, असं म्हणून मी कागद कपाटात कपड्यांखाली सारले.

पण बायकोने तोवर कपडे वाळत घालता घालता ही बातमी वरच्या मजल्यावर पोचवली होती. वरच्या मजल्यावर परीक्षक राहत. त्यांचं सगळं आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यात गेलं होतं आणि निवृत्त झाल्यावर तपासायला काही न उरल्यामुळे ते दिसेल त्याला गुण देत. आमच्या चहाला त्यांनी एकदा बावन्न दिले होते. ते खाली आले, खुर्चीत बसले, लाल पेन काढलं आणि कथा वाचली.

"विषय ठीक. अक्षर सुवाच्य. शेवट सोडवलेला नाही," ते म्हणाले. "चाळीस."

"शंभरपैकी?" मी विचारलं.

"मग काय पन्नासपैकी देऊ? पण एक सांगा, तुम्ही नोकरदार माणूस. छापायची परवानगी काढलीत का?"

आमच्या सेवानियमांत असं होतं खरं. कर्मचाऱ्याने काहीही छापायला देण्याआधी वरिष्ठांची परवानगी घ्यावी. मी कथा कुठे पाठवणारच नव्हतो, पण हे ऐकताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. परवानगी मागायची! खातं परवानगी नाकारणार, कारण तोवर आमच्या खात्याने कुणालाच काही सुखासुखी दिलेलं नव्हतं. एकदा नकार हातात आला की प्रश्न मिटला. शेवट लिहायला नको, संपादकाच्या उत्तराची वाट पाहायला नको. आणि जन्मभर चारचौघांत सुस्कारा सोडून सांगता येईल, 'लिहिलं असतं हो, पण खात्याने लिहू दिलं नाही.' घाबरलेल्या माणसाला इतकी सोयीची जागा जगात दुसरी मिळणार नाही. मी त्याच आठवड्यात अर्ज केला.

अर्ज हेडक्लार्कांकडे गेला. हेडक्लार्क म्हणजे उंच, वाळलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेले गृहस्थ. जे कागदावर नाही ते त्यांच्या लेखी जगातच नव्हतं. नव्याने आलेल्या एका कारकुनाने सकाळी त्यांना "काय, कसं काय?" असं विचारलं, तर त्यांनी "कशाच्या संदर्भात?" असा प्रश्न केला होता. त्यांच्या घरी कोण कोण आहे हे एवढ्या वर्षांत कुणालाही माहीत नव्हतं.

"सहपत्र म्हणून कथेचा पूर्ण मजकूर जोडा," ते म्हणाले.

"पूर्णच पाहिजे का?"

"अर्ध्या मजकुराला परवानगी दिली, आणि उरलेल्या अर्ध्यात तुम्ही खात्याला शिव्या घातल्यात तर?"

मी मान डोलावली. पण मी काही काल लागलेला नव्हतो. आमच्याकडे सहपत्र कुणी वाचत नसे. ते हातात धरून जाडी बघायची, आणि जाडी बरी असली तर सही करायची, अशी जुनी पद्धत होती. मी स्वतः एका रस्त्याचा नकाशा कित्येक प्रस्तावांना उलटा जोडला होता आणि ते सगळे मंजूर झाले होते. म्हणून मी माझी अपुरी कथा घेतली, तिच्यामागे 'सहा इंची व्हॉल्व्हच्या दुरुस्तीबाबत अहवाल' याच्या जुन्या प्रतीची मधली पानं लावली, सगळ्याला टाचणी मारली आणि फाइल सोडून दिली. आता 'बाई उठली. दाराशी गेली. आणि' इथे पान संपत होतं आणि पुढचं पान उलटलं की 'व्हॉल्व्ह जागेवरून हलत नसल्याने प्रथम त्यावर तेल सोडण्यात आले' असं सुरू होत होतं.

फाइल गेली ती गेलीच. मी नकाराची वाट बघत राहिलो. आधी आठवडा गेला, मग दुसरा. आणि कार्यालयात काहीतरी बिनसल्यासारखं वाटू लागलं. मी कॅन्टीनमध्ये शिरलो की बोलणं थांबे. हिशेबनीस माझ्याकडे बघून मान हलवत आणि पुन्हा आकड्यांत डोकं घालत. टायपिस्ट बाई एरवी मला नवा कार्बन राखून ठेवायच्या, त्यांनी मला असा जुनाट कार्बन दिला की खालच्या प्रतीवर काही उमटेचना. लोकांनी कथा वाचली होती, आणि ते मला हसत होते! संध्याकाळी मी हे बायकोला सांगितलं.

"हसेनात का," ती म्हणाली. "वाचतायत ना?"

बायकोला लेखकाचं दुःख कळत नाही, असं मी मनातल्या मनात म्हटलं आणि न जेवता झोपणार होतो. पण वास चांगला येत होता, म्हणून जेवलो.

शेवटी टायपिस्ट बाईंनीच जिन्यात मला गाठलं. "तुम्हाला काही वाटतं का हो जिवाला?" त्या कडाडल्या. "ती बाई उठते, दाराशी जाते आणि पुढे व्हॉल्व्ह? मी बसमध्ये वाचत होते. माझा थांबा मागे गेला, मला कळलंसुद्धा नाही!"

"बसमध्ये? म्हणजे फाइल तुम्ही घरी नेलीत?"

"मग काय करणार? हिशेबनीस दिवसा सोडतच नव्हते ना!"

त्या तरातरा खाली गेल्या. मी कठड्याला धरून तसाच उभा राहिलो. फाइल कार्यालयाबाहेर नेणं हा गुन्हा होता, आणि तो गुन्हा कुणीतरी माझ्या कथेसाठी केला होता. पण आनंद व्हायला वेळच मिळाला नाही, कारण इतक्यात साहेबांचं बोलावणं आलं.

साहेब शिकलेले, वाचणारे. त्यांनी मला खुर्ची दिली, हेच आधी धक्कादायक होतं. "उत्तम," ते म्हणाले. "विशेषतः तो व्हॉल्व्ह. तिचं मन गंजून बसलंय, हलत नाही, मग त्यावर तेल... प्रतीक आहे ना ते?"

एका शब्दाने काम झालं असतं. 'हो' म्हटलं असतं तर शेवट लिहायची पीडा कायमची टळली असती आणि वर मी खोल लेखक ठरलो असतो. माझा 'हो' ओठांपर्यंत आलाही होता. पण मला जिन्यातल्या बाईंचा चेहरा दिसला. "नाही साहेब," मी म्हणालो, "तो व्हॉल्व्हच आहे. शेवट मला जमला नाही."

साहेबांचा चेहरा पडला. आपण प्रतीक ओळखलं याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि तो मी हिरावून घेतला. त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली.

जागेवर येऊन मी शेरे वाचले. भांडार विभागाने लिहिलं होतं, 'दार कायम उघडे ठेवल्यास चोरीची जबाबदारी कोणावर, हे निश्चित करावे.' अभियंत्यांचा शेरा होता, 'बिजागरीला वेळच्या वेळी तेल दिल्यास दार करकरणार नाही व सदर प्रसंग टाळता येईल.' आस्थापना शाखेला प्रश्न पडला होता, 'भावाची अनुपस्थिती विनापरवाना समजावी काय?' आणि सगळ्यांच्या खाली हेडक्लार्कांचं बारीक, सरळ अक्षर: 'प्रस्ताव अपूर्ण. दाराशी कोण आहे, याचा खुलासा करावा.'

परवानगी नाकारलेली नव्हती. माझी सोयीची जागा गेली होती.

त्या दिवसापासून कार्यालयात उघड दोन पक्ष पडले. टायपिस्ट बाई आणि त्यांच्या बाजूचे म्हणत, भाऊच आला. हिशेबनीस म्हणत, गेलेली माणसं अशी येत नाहीत, उगाच आशा लावू नका. अभियंते दोन्हीकडे नव्हते, त्यांच्या मते वारा होता. कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत वाद चाले. एकदा तर हिशेबनीस आणि टायपिस्ट बाई इतके हमरीतुमरीवर आले, की मी मध्ये पडून ओरडलो, "अहो, असा कुणी माणूसच नाही! मी बनवलाय त्याला!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एखाद्याने भर पंगतीत सख्ख्या भावाला ओळख दाखवू नये, तसं काहीतरी मी केलं होतं.

"तुम्ही काहीही म्हणाल," हिशेबनीस शांतपणे म्हणाले आणि पुन्हा वादाकडे वळले.

त्या संध्याकाळी मी पायी घरी गेलो. मला आनंद झाला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. आता माझं हसं होणार नव्हतं. त्या बाईचं काय होणार हा प्रश्न होता आणि तो माझ्यावर येऊन पडला होता.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क जिन्यात भेटले. "खुलासा कधी करताय?"

"मला येत नाहीये," मी म्हणालो. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सरळ सांगितलं.

"तक्रारीचं उत्तर कागदावरून कळत नसलं, तर आपण काय करतो?"

"जागेवर जाऊन पाहणी करतो."

"मग करा," असं म्हणून ते वर गेले.

आता कल्पनेतल्या घराची पाहणी कशी करणार? पण हुकूम तो हुकूम. मी घरी आलो, पुढचं दार सताड उघडलं, मग जरासं लोटलं आणि दारातच खुर्ची टाकून बसलो. पहिल्यांदा समोरच्या काकू बाहेर आल्या. "किल्ली हरवली का?" मी मानेनेच नाही म्हणालो. त्यांनी आत जाऊन त्यांच्या अहोंना पाठवलं. अहोंनी कुलूप दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता दिला आणि त्याच्याकडे जाऊ नका, तो लबाड आहे, असंही सांगितलं. मग वरून परीक्षक उतरले. त्यांनी मला पाहिलं, आत बायकोकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं.

"वहिनी," ते हात जोडून आत बघत म्हणाले, "चूक कुणाकडून होत नाही? या खेपेला माफ करा. घ्या घरात."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "एवढ्याशा कारणावरून कुणी नवऱ्याला बाहेर बसवतं का गं?" त्या म्हणाल्या. कारण कुणालाच माहीत नव्हतं, पण ते एवढंसं असणार यावर सगळ्यांचं एकमत झालं. मी खुर्चीवरून ओरडून सांगत होतो की मी आपखुशीने बसलोय, आणि जितकं ओरडत होतो तितकी लोकांना माझी जास्त कीव येत होती. माझ्या अब्रूची लक्तरं जिनाभर पसरली. आत बायको ओट्याला धरून हसत होती, आणि हसताना तिचे हलणारे खांदे पाहून काकूंना वाटलं ती रडते आहे, म्हणून त्या समाधानाने घरी गेल्या.

गर्दी पांगली. हसून दमलेली बायको बाहेर येऊन माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसली. जिना शांत झाला होता. तेवढ्यात खालून पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी मोजल्यासारखी. आम्ही कुणाचीच वाट पाहत नव्हतो, तरी तिने मान वर केली आणि मांडीवर पडलेला पदर नीट केला.

"कोण असेल?" मी विचारलं.

"कोण का असेना," ती म्हणाली, "फार दमून आलाय बिचारा."

पावलं आमच्या मजल्यापाशी थांबली नाहीत, वर निघून गेली. मी उठलो, खुर्ची आत घेतली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मनातला तो दुसरा माणूस त्या दिवशी बोलला नाही असं नाही. तो बोलत होता, पण मला त्या बाईच्या दाराशी काय चाललंय ते बघायचं होतं, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. मी दिवा लागायच्या आत शेवट लिहून काढला. भाऊ आला. दमून आला. बाईने त्याला कुठे होतास, का गेलास, काही विचारलं नाही. तिने नुसता मांडीवरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "आत ये, आणि दार लावून घे."

ती कथा साप्ताहिकाने साभार परत पाठवली हेही इथेच सांगून टाकतो. दुसऱ्यानेही परत पाठवली. तिसरीकडे ती छापून आली तेव्हा परीक्षकांनी अंक विकत घेतला आणि गुण वाढवून अठ्ठेचाळीस केले. दोनदा कथा परत आली तेव्हा मला वाईट वाटलं, पण आपल्याला येत नाही असं काही वाटलं नाही. वाचणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली होती.

पण त्याआधी शेवटचं पान हेडक्लार्कांकडे न्यायचं होतं. मी सकाळीच गेलो. त्यांनी ते घेतलं, आणि कधी नव्हे ते खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले. पाठमोरे उभे राहून त्यांनी वाचलं. एका पानाला लागावा त्याहून फार जास्त वेळ लागला. मला वाटलं, काहीतरी नियमात बसत नाहीये.

"तिने काहीच विचारलं नाही त्याला?" ते खिडकीकडेच बघत म्हणाले.

"नाही."

"बरं केलं." त्यांनी पान पुन्हा एकदा वरून खाली पाहिलं. "विचारलं की परत निघून जातात."

मग ते टेबलाशी आले, चष्मा पुसला आणि 'परवानगी देण्यास हरकत नाही' असं लिहून सही केली. त्यांच्या घरातून कोण निघून गेलं होतं, हा प्रश्न त्या क्षणी माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण मी फाइल उचलली आणि न विचारता माझ्या जागेवर आलो.